हे कुणाकडून आलं, सर?

मिक्सर सुरू झाला की तो मुलगा ओट्याखाली शिरतो. दोन्ही तळहात कानांवर, कोपरं गुडघ्यांना टेकलेली, डोळे घट्ट मिटलेले. चटणी वाटून होते, मिक्सर थांबतो, तरी पाच-सात मिनिटं तो तिथून हलत नाही. हाच मुलगा नागोठण्याच्या स्टेशनात दिवा-रोहा गाडी भोंगा वाजवत शिरते तेव्हा टाचा उंचावून नाचतो. गाडीचा आवाज मिक्सरपेक्षा किती मोठा! पण गाडी आधी लांबून दिसते, सिग्नल पडतो, लोक पिशव्या उचलतात. मिक्सर न सांगता सुरू होतो.

पाच वर्षांचा आहे. आमच्या आळीतलाच. त्याची आई माझी विद्यार्थिनी. दहावीला मी तिला मेंडेलचे वाटाणे शिकवले होते: उंच रोप, बुटकं रोप, पहिल्या पिढीत लपलेला गुण दुसऱ्या पिढीत तीनास एक या प्रमाणात वर येतो. गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर 'ऑटिझम' असं लिहून दिलं आणि त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. पोलक्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाली, "सर, हे कुणाकडून आलं? माझ्याकडून की ह्यांच्याकडून?"

घरात तोवर निकाल लागून गेला होता. एकीने ग्रहण काढलं, दुसरीने मोबाइल, तिसऱ्याने लस, चौथ्याने कंपनीचा धूर. बोट कुठूनही निघो, फिरून आईवरच येऊन थांबत होतं. ग्रहणात विळी तिनेच धरली, मोबाइल तिनेच दिला, लस टोचायला तीच घेऊन गेली.

त्या दिवशी मला तिला धड उत्तर देता आलं नाही. वाटाण्यांचं गणित इथे लागू पडत नाही, एवढंच कळत होतं. मग वाचत गेलो, जाणत्या डॉक्टरांना विचारत गेलो, आणि जे समजलं ते तिला चार-पाच संध्याकाळी बसून सांगितलं. इथे तेच सावकाश मांडतो आहे.

आधी शब्दाबद्दल. 'ऑटिझम' हा शब्द १९११ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून रूढ केला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन लिहिलं, तेव्हा तो या मुलांना चिकटला. आपण त्याचं 'स्वमग्नता' केलं. कानाला गोड आहे, पण मला तो खटकतो. मग्न होणारा माणूस आपल्या इच्छेने मग्न होतो. ओट्याखालच्या त्या मुलाकडे पाहिलं की तो जगापासून दूर गेलाय असं वाटतच नाही. जगच त्याच्यावर फार जोरात येऊन आदळतंय, असं वाटतं. म्हणून मी ऑटिझमच म्हणतो.

कॅनर यांनी पहिल्याच लेखात लिहिलं होतं की ही मुलं जन्मतःच अशी आहेत. तरी पुढच्या काळात मानसशास्त्रातल्या एका मोठ्या गटाने आईबापांच्या, त्यातही आईच्या, कोरडेपणावर ठपका ठेवला. फ्रिजसारखी थंड आई, असा शब्दच रूढ झाला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे नागोठण्याच्या आळीत जे झालं तेच अमेरिकेतल्या दवाखान्यांत वीस-पंचवीस वर्षं चाललं होतं. त्याला पहिला जोरदार विरोध केला तो बर्नार्ड रिमलंड यांनी, १९६४ मध्ये. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता.

वाद नुसत्या मतांनी मिटत नाही, मोजावं लागतं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधली जुळी मुलं शोधली. जुळी दोन प्रकारची. एकाच बीजाची दोन शकलं झालेली, म्हणजे जनुकांनी जवळजवळ हुबेहूब; आणि दोन वेगळ्या बीजांची, एकाच वेळी वाढलेली, पण एरवी साध्या भावंडांइतकीच सारखी. घर तेच, आई तीच, दोघांचं पोटही एकच. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. आकडे लहान आहेत, पण आईच्या मायेवर ठेवलेला ठपका पुसायला तेवढे पुरेसे होते. पुढे अभ्यास वाढत गेले. २०१९ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया मिळून वीस लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. माणसामाणसांत ऑटिझमच्या बाबतीत जो फरक दिसतो त्यातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा आहे, असं त्यातून निघालं.

इथे ती थांबून म्हणाली, "म्हणजे आमच्याकडूनच आलं ना?"

याचं उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे, आणि ते नीट समजायला आपल्या शेजारच्या पेणला जावं लागेल.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूळ मूर्तीवरून साचा घेतात, साच्यातून मूर्ती काढतात. आता कल्पना करा, दर वेळी नव्या मूर्तीवरून नवा साचा आणि त्या साच्यावरून पुन्हा मूर्ती, असं चालू ठेवलं. सोंडेच्या वळणावर कुठेतरी एक बारीक रेघ वाढेल, जी मूळ मूर्तीत नव्हती. कारागिराची चूक नाही, मातीची नाही. नकलेवरून नक्कल काढली की असं होतंच. आपल्या प्रत्येक पेशीत तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर आहे, एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची. त्यात प्रथिनं कशी बनवायची याच्या सुमारे वीस हजार कृती, म्हणजेच जनुकं. हा मजकूर पुढच्या पिढीला देताना उतरवून काढावा लागतो आणि उतरवताना अक्षरं चुकतात. प्रत्येक बाळात, माझ्यात, तुमच्यात, अशी साठ-सत्तर नवी अक्षरं असतात जी आईतही नव्हती आणि वडिलांतही नव्हती. २०१२ मध्ये आइसलंडमधल्या कुटुंबांवरून दिसलं की यातली बहुतेक वडिलांकडच्या प्रतीत पडतात, कारण शुक्रपेशी आयुष्यभर नकलेवरून नक्कल होत बनतात. वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की साधारण दोन नव्या चुकांची भर पडते.

तीनशे कोटींत साठ-सत्तर चुका म्हणजे काहीच नाही. बहुतेक अशा ओळींत पडतात जिथे कुणाला पत्ताही लागत नाही. पण एखादी चूक मेंदूची घडण ठरवणाऱ्या जनुकाच्या ऐन मधोमध पडली तर? किंवा अक्षर नव्हे, अख्खं पानच गळालं किंवा दोनदा छापलं गेलं तर? २००७ मध्ये जोनाथन सेबट आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट पकडली. घरात दुसरं कुणी ऑटिस्टिक नसताना एखादंच मूल ऑटिस्टिक असेल, तर अशा मुलांपैकी सुमारे १० टक्क्यांत गुणसूत्राचा एखादा तुकडा नव्याने गळालेला किंवा वाढलेला होता. इतर मुलांत हे प्रमाण सुमारे १ टक्का. अशा मुलांच्या बाबतीत 'कुणाकडून आलं' या प्रश्नाला खरोखर उत्तर नसतं. ते कुणाकडूनच आलेलं नसतं. ते त्याच मुलात पहिल्यांदा घडलेलं असतं.

उरलेल्यांचं काय? तिथे एक मोठी चूक नसते, हजारो बारीक फरक असतात. यातला एकेक फरक निम्म्या गावात सापडेल. तुम्हाला भाजीबाजारात गोंगाट सोसत नाही, तुमचे मामा रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतात, आजोबांना ताटातली वाटी जागची हललेली खपत नसे. हे काही आजार नव्हेत. असे फरक आईच्या बाजूचे थोडे, वडिलांच्या बाजूचे थोडे एका मुलात एकत्र आले की पारडं एका बाजूला झुकतं. स्वीडनमधल्या २०१४ च्या अभ्यासात आनुवंशिक वाट्यातला मोठा भाग अशा सर्वसाधारण फरकांचाच निघाला. म्हणजे हे आलं तुमच्या दोघांकडून, पण कुणा एकाकडे बोट दाखवता येईल असं नव्हे. वाटाण्याचा उंच-बुटका गुण एकाच जनुकावर चालतो. माणसाच्या उंचीवर मात्र हजारो जनुकांचा हात असतो. ऑटिझम या दुसऱ्या जातीचा आहे. हे मी तिला वर्गात शिकवलं नव्हतं.

ज्या जनुकांत एकच चूक मोठा परिणाम करते, त्यांची यादी आता बरीच पक्की आहे. २०२० साली ३५ हजारांहून अधिक लोकांची जनुकं वाचून १०२ जनुकांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांची कामं पाहिली की दोन मोठे गट दिसतात. पहिला गट मुकादमांचा. ही जनुकं स्वतः काही बांधत नाहीत, पण दुसरी जनुकं कधी चालू करायची आणि कधी बंद, ते ठरवतात. 'सीएचडी-८' हे त्यातलं ठळक नाव. दुसरा गट चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्या जागेवर राबणारा. आणि बहुतेकांचा जोर कधी असतो? गर्भातल्या मेंदूत, साधारण मधल्या तिमाहीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं त्याआधीच या मुलाच्या मेंदूचा नकाशा वेगळ्या रेघांनी आखला जाऊ लागलेला असतो. मोबाइल त्याच्या हातात पडला तो त्यानंतर कितीतरी महिन्यांनी.

आता चेतापेशींकडे. जनुक म्हणजे नुसती कृती. ती चुकली तर मेंदूत नेमकं काय बिघडतं? हे समजायला वडखळच्या पलीकडे खारेपाटात जावं लागेल.

तिथली भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. समुद्राचं पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध आणि बांधांत उघाड्या. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप बंद होते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. झडप कुजून उघडी राहिली की खारं पाणी शेतात शिरतं. गाळ बसून बंदच राहिली तर आतलं पाणी तुंबून रोप सडतं. दोन्हीकडून नुकसान.

चेतापेशीभोवती असाच बांध असतो आणि बाहेर अक्षरशः खारं पाणी. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग होतात, सोडियम आणि क्लोराइड. सोडियमवर धन विद्युतभार, क्लोराइडवर ऋण. सोडियम आत घुसला की पेशी उत्तेजित होते, संदेश सोडते. क्लोराइड आत आला की ती शांत होते. बांधातल्या उघाड्या म्हणजे प्रथिनांच्या नळ्या, आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या सोडियम-उघाडीची कृती 'एससीएन-२ए' या जनुकात लिहिलेली असते. ऑटिझमशी सर्वांत घट्ट जोडलेल्या जनुकांतलं हे एक. यातली चूक उघाडीला जास्त वेळ उघडी ठेवणारी असेल तर बाळाला जन्मानंतर लवकरच आकडी येऊ लागते. चूक उघाडी निकामी करणारी असेल तर ऑटिझम दिसतो. जनुक एकच, चुकीच्या दिशा दोन, मुलं अगदी वेगळी. खारेपाटातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप जाताना मध्ये अतिशय बारीक फट असते. तिला चेतासंधी म्हणतात. फटीपलीकडे निरोप रसायनं नेतात. मुख्य रसायनं दोन. ग्लुटामेट पलीकडच्या पेशीला 'चल' म्हणतं, सोडियमची वाट उघडतं. गाबा 'थांब' म्हणतं, क्लोराइडची वाट उघडतं. मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही की गाबा ग्लुटामेटपासूनच बनतं. एक विकर ग्लुटामेटचा एक लहान तुकडा छाटतं आणि 'चल'चं 'थांब' होतं. २००३ मध्ये जॉन रूबेनस्टाइन आणि मायकल मर्झेनिक यांनी मांडलं की ऑटिझमच्या अनेक प्रकारांत बिघाड या चल-थांबच्या तोलाचा असावा. 'थांब' कमी पडलं की मेंदूत गोंगाट वाढतो, कामाचा आवाज आणि बिनकामाचा आवाज वेगळे होत नाहीत. ऑटिस्टिक मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, याच्याशी हे जुळतं. गाबाची वाट उघडणाऱ्या प्रथिनांची काही जनुकं पंधराव्या गुणसूत्रावर एका जागी आहेत. तो तुकडा दुप्पट झाला की अनेकदा ऑटिझम येतो, त्याच्याशीही जुळतं. ओट्याखालचा मुलगाही मला या दिशेनेच समजतो. पण तोल प्रत्येक मुलात एकाच बाजूला ढळलेला नसतो. वरची सोडियमची उघाडी पाहिलीत ना? निकामी झाली तर 'चल' कमी पडतं, आणि तरीही ऑटिझम येतो.

गर्भात तर हे सगळं उलटं असतं. बाळाच्या चेतापेशीत सुरुवातीला क्लोराइड आतच जास्त साठलेला असतो. गाबाने उघाडी उघडली की क्लोराइड आत यायच्या ऐवजी बाहेर पडतो आणि पेशी शांत होण्याऐवजी चेतते. उघाडी तीच, भरती-ओहोटी उलटी. जन्माच्या आसपास पेशी आतला क्लोराइड उपसायला लागते आणि गाबा 'थांब' म्हणायला शिकतं. काही ऑटिस्टिक मुलांत ही पालट अपुरी राहत असेल, असं समजून लघवी वाढवणारं ब्युमेटॅनाइड नावाचं एक जुनं औषध वापरून पाहिलं गेलं, कारण ते पेशीत क्लोराइड भरणारा पंप अडवतं. सुरुवातीच्या लहान चाचण्यांनी आशा लावली. २०२१ मध्ये मोठ्या चाचण्या, फरक दिसत नाही म्हणून, थांबवल्या.

चेतासंधीच्या पलीकडच्या काठावर रसायनं झेलणारी प्रथिनं नीट जागेवर धरून ठेवायला मांडवासारखी एक बांधणी लागते. तिचा मुख्य वासा 'शँक-३' हे प्रथिन. दोन्ही काठ एकमेकांना धरून ठेवणारी न्यूरोलिजिन नावाची प्रथिनं वेगळी. २००३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या तोमा बुर्जरों यांच्या गटाने स्वीडनमधल्या दोन कुटुंबांत न्यूरोलिजिनच्या जनुकांत चुका दाखवल्या आणि २००७ मध्ये शँक-३ मध्ये. अशी मुलं ऑटिस्टिक मुलांत फार थोडी. पण बिघाडाची जागा चेतासंधी आहे, हे बोट ठेवून पहिल्यांदा सांगता आलं ते यांच्यामुळे.

जन्मानंतर आणखी एक काम चालतं, विरळणीचं. शेतकरी दाट उगवलेली रोपं उपटून विरळ करतो, तसा वाढता मेंदू नको असलेल्या चेतासंधी काढून टाकतो. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात निधन पावलेल्या मुलांचे आणि तरुणांचे मेंदू तपासले. लहानपणापासून किशोरवयाच्या शेवटापर्यंत इतरांत चेतासंधींचे कोंब जवळपास निम्म्याने कमी झाले होते, ऑटिस्टिक मुलांत अवघे १६ टक्क्यांनी. शेत दाटच राहिलं होतं.

औषधांचा प्रश्न इथे येतोच, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण आशेने वेडावलेल्या आईबापांना लुटणारे नेमके इथेच बसलेले असतात.

१९६१ मध्ये शेन आणि फ्रीडमन यांना काही ऑटिस्टिक मुलांच्या रक्तात सेरोटोनिन वाढलेलं आढळलं. पुढच्या अभ्यासांतही साधारण पाव ते एकतृतीयांश मुलांत ते वाढलेलं निघालं. मग सेरोटोनिनची औषधं द्या, झालं? तसं नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि रक्तातल्या प्लेटलेट त्याला धरून फिरवतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ते ओलांडू शकत नाही. रक्तातला आकडा मेंदूची पातळी सांगत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत १४९ मुलांच्या चाचणीत सेरोटोनिनवर चालणारं सिटॅलोप्राम हे औषध देऊन पाहिलं. तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणं त्याने कमी झालं नाही. ऑक्सिटोसिनचीही तीच गत. आई आणि बाळ यांच्यातलं बंधन घट्ट करणारं म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०२१ मध्ये २९० मुलांना सहा महिने नाकात फवारा देऊन पाहिला, औषध नसलेल्या फवाऱ्याइतकाच उपयोग झाला.

मग उपयोगी काय? झोपेसाठी मेलाटोनिन. अनेक ऑटिस्टिक मुलांना झोप लागत नाही, आणि काहींच्या शरीरात हे रात्रीचं रसायन कमीच बनतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलं की बऱ्याच घरांत रात्री सुधारतात. डोपामिनच्या वाटेवर काम करणारं रिस्पेरिडोन अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं, पण ऑटिझमसाठी नव्हे, त्याच्याबरोबर येणाऱ्या टोकाच्या चिडीसाठी आणि स्वतःला मारून घेण्याच्या सवयीसाठी. वजन वाढतं, म्हणून डॉक्टर सतत मोजत राहतात. ऑटिझमचा गाभा, म्हणजे बोलणं-वागणं-नातं यातला वेगळेपणा, बदलेल असं कुठलंच औषध आज नाही. माझ्या विद्यार्थिनीला एका शहरातल्या दवाखान्याने मूलपेशी टोचायला काही लाखांचा आकडा सांगितला होता. दागिने मोडायची तयारी झाली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं आहे, हे कळल्यावर ती तिथून परतली.

तरी निराश व्हायचं कारण नाही, कारण एकेक जनुक धरून काम सुरू आहे. नाजूक एक्स गुणसूत्राच्या आजारात 'सीजीजी' ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा छापली जातात. साधारण माणसात तीसेक वेळा. दोनशेच्या वर गेली की ते जनुक गप्प होतं. त्याचं प्रथिन चेतासंधीत ब्रेकचं काम करतं. ब्रेक गेला की ग्लुटामेटच्या इशाऱ्यावर प्रथिनांचं उत्पादन बेफाम होतं. मार्क बेअर यांनी २००४ मध्ये सुचवलं की ग्लुटामेटचा तो विशिष्ट स्वीच दाबून धरला तर तोल परत येईल. उंदरांत आला, माणसांत नाही आला. २०१४ मध्ये त्यातल्या एका मोठ्या औषधाचं काम बंद झालं. रेट सिंड्रोम या दुसऱ्या एकजनुकी आजारात मात्र एडिनबरोच्या एड्रियन बर्ड यांनी २००७ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. वाढलेल्या उंदरात गप्प जनुक पुन्हा चालू केलं तर लक्षणं बरीचशी मागे हटतात. पेशी मेलेल्या नव्हत्या, अडलेल्या होत्या. माणसापर्यंत यायला वाट लांब आहे, पण ती वाट आहे.

आता घरातली ती चार बोटं. मोबाइलचं वर आलंच. लस: १९९८ च्या ज्या लेखाने भीती पेरली तो बारा मुलांवर होता आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या ६,५७,४६१ मुलांत लसीचा संबंध दिसला नाही. उलट गर्भारपणात झालेला रुबेला बाळाच्या मेंदूला इजा करून ऑटिझमला कारण ठरू शकतो, आणि तोच अडवणारी गोवर-रुबेला लस महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरापासून शाळाशाळांतून दिली गेली. या चारांबाहेरचं एक, गर्भारपणात घेतलेलं पॅरासिटॅमॉल: २०२४ मध्ये स्वीडनच्या सुमारे २५ लाख मुलांत, भावंडांची तुलना केल्यावर, संबंध उरला नाही. कंपनीचा धूर: हवेच्या प्रदूषणाचा काही अभ्यासांत थोडा संबंध दिसतो, पण त्यावरून एका मुलाचं कारण सांगता येत नाही. ग्रहणाचा काही संबंध नाही. खरा धोका असलेलं एक औषध मात्र सांगायलाच हवं. फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट गर्भारपणात घेतलं तर धोका वाढतो. डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात अशा मुलांत ४.४ टक्के, एरवी १.५ टक्के. म्हणून लग्न ठरलेल्या, फिटची गोळी घेणाऱ्या मुलीने डॉक्टरांशी आधी बोलावं, आणि गोळी मनाने कधीही बंद करू नये.

तपासणीचं सांगतो. रक्ताच्या एका नळीतून दोन गोष्टी आधी पाहतात: गुणसूत्राचे गळालेले-वाढलेले तुकडे आणि नाजूक एक्स. गरज पडली तर सगळी जनुकं वाचतात. शंभरातल्या दहा-वीस मुलांत नेमकं नाव सापडतं. नाव सापडलं तर पुढच्या बाळाचं गणित बदलतं. कारण माहीत नसताना पुढच्या भावंडाला ऑटिझम असण्याची शक्यता साधारण पाचात एक. चूक या मुलातच नवी घडली आहे असं सिद्ध झालं तर शंभरात एकाच्या आसपास. एवढ्यासाठी तरी तपासणी करावी, असं मला वाटतं. बाकी कागदपत्रं वेगळी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 'आयसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तरपासून पुढे ऑटिझम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी आलेला आहे, त्यामुळे हक्क मागताना कुणी 'मतिमंदात बसत नाही' म्हणून परत पाठवू शकत नाही.

या मुलाचा अहवाल दिवाळीत आला. काही सापडलं नाही. आई घाबरली, "म्हणजे ऑटिझम नाहीच का, सर?" तसं नाही. एक मोठी चूक नाही, एवढंच. हजार बारीक फरकांचं नाव कुठल्याच अहवालात येत नाही.

तिने मग गोव्याची गोष्ट लावून धरली. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने आणि रावळपिंडीच्या गटाने मिळून ६५ मुलांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांबरोबर बारा बैठका घ्यायच्या. आई आणि मूल खेळतात त्याचं चित्रीकरण करायचं, मग ते दोघांनी बसून पाहायचं: इथे त्याने तुझ्याकडे पाहिलं, तू बोलत राहिलीस म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. जरा थांब, त्याला पुढाकार घेऊ दे. या बैठकांनंतर आईबाप मुलाच्या तालात जास्त यायला लागले आणि मुलं आपणहून आईबापांशी जास्त संवाद सुरू करू लागली. रसायनाची एक गोळीही न देता.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायची होती. ती मिक्सरचं भांडं घेऊन आधी त्याच्यासमोर बसली, झाकण लावून दाखवलं, एकेक बोट वर करत म्हणाली, "एक. दोन. तीन." तिसऱ्या बोटाला त्याने स्वतःच तळहात कानांवर नेले. मिक्सर सुरू झाला. तो ओट्याशेजारी उभा होता.